आईच्या डबीतले सेल

रविवार, ६ नोव्हेंबर

मिळाला! पलंगाखालच्या पेटीत, पप्पांच्या मफलरात गुंडाळलेला. चामड्याची केस हाताला चिकटते, पण कॅमेऱ्याची काच स्वच्छ. बुरशी नाही, ओरखडा नाही. पप्पांना जाऊन अठरा वर्षं झाली. पेणच्या दमट हवेत एवढी वर्षं काच अशी आपोआप राहत नाही. आई पुसत असणार. मला कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही.

शोधायचं कारण दीनाआत्या. गुरुवारी रोह्याला, अष्टमीच्या तिच्या घरी गेले तेव्हा तिने सांगितलं — जानेवारीत तिचा एलियाह येतोय, तिला कायमची इस्राएलला, अश्दोदला न्यायला. तिथे मुलगा आहे, सून आहे, नातवंडं आहेत. इथे कोण आहे? हे तिने विचारलं नाही, मीच मनात विचारलं. आणि लाज वाटली. ती जाणार हे कळल्यावर पहिला विचार स्वतःचाच आला.

आम्हा बेने इस्राएलांतलं कुठलंही घर इस्राएलला जायला निघालं की पप्पा हा कॅमेरा घेऊन जायचे. अष्टमी, पेण, खांब — कुठेही. घरातली सगळी माणसं दारात उभी करायची. सगळ्यात मोठ्या माणसाचा हात चौकटीवरच्या, देववचनाचा कागद असलेल्या मेझुझाच्या डबीवर. एक प्रत जाणाऱ्यांना, एक आत्याच्या भिंतीला. माझा भाऊ नथानियल गेला तेव्हाचाही तसाच आहे. ती भिंत आता भरली. भिंतीवरचं कोणीच इथे नाही.

"सगल्यांचे काढले, मीच ऱ्हायले," आत्या म्हणाली. "आता तू काढ. बापाच्याच कॅमेऱ्यावर. मोबाईलवर नको हां! मोबाईलमधला माणूस मोबाईलमधेच ऱ्हातो."

हो म्हणाले. म्हणजे आता काढायलाच हवा.

सोमवार, ७ नोव्हेंबर

बटण दाबलंच जात नाही. खालचं झाकण नाण्याने उघडलं. आत पाऱ्याचा सेल, हिरवट पूड धरलेला. १.३५ व्होल्टचा. असे सेल आता कुठे बनत नाहीत. पारा विषारी, बंद केले ते बरंच झालं. पण या कॅमेऱ्याचं सगळं त्या सेलवर! सेल नाही तर उजेडाचा काटा हलत नाही, आणि काटा हलला नाही तर बटण खाली जात नाही. हाताने काही ठरवायची सोय नाही. पप्पांना तेच आवडायचं. "उजेड तो बघतो, मी माणसं बघतो."

वीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मुलांना सेल आणि व्होल्टमीटर काढून देतेय. एवढं मला जमायला हवं.

सकाळी नळाला पाणी येऊन गेलं, कळलंच नाही. आई होती तेव्हा शेजारच्या गिरजाबाई भिंतीवरून हाक मारायच्या — "पानी आलं गो!" आता मारत नाहीत. आईसाठी मारत असतील.

बुधवार, ९ नोव्हेंबर

बाजारात गुणाजीच्या घड्याळाच्या दुकानात गेले. त्याने जुना सेल बघितला, नाक मुरडलं, आणि ड्रॉवरमधून एक नवा काढून खोबणीत टाकला. "बसला का? मग झालं तर!" नवा सेल अल्कलाइन, दीड व्होल्ट. मी म्हटलं, व्होल्टेज जास्त आहे. तो म्हणाला, "जास्त हाय तर बरंच की मॅडम. कमी नाय ना?"

काटा टुणकन वर गेला! बटणही दाबलं गेलं.

पण आवाज नाही. पप्पांच्या या कॅमेऱ्याला एक बारीक आवाज होता — ट्चिक. लहानपणी मी त्याची वाट बघत श्वास धरून उभी राहायचे. घरी येऊन मागचं झाकण उघडलं, खिडकीकडे धरून बटण दाबलं. पाती नीट उघडतात, मिटतात. उजेड आत येतो. म्हणजे काम चालू आहे, फक्त आवाज गेला. स्प्रिंग थकली असेल. चालायचंच. फोटोत आवाज थोडाच येतो!

गुरुवार, १० नोव्हेंबर

पुन्हा पाणी चुकलं. मी गिरजाबाईंना काही बोलले होते का? आठवून बघितलं. आई गेली तेव्हा त्यांनी आणलेला भात मी दोनदा परत पाठवला — भूक नव्हती म्हणून. तसं नीट सांगितलं नसेल. सोवळं-ओवळं समजल्या असतील. विचारायला हवं. वर्ष होत आल्यावर कसं विचारणार?

रविवार, २० नोव्हेंबर

काल शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, म्हणून लिहिलं नाही. शनिवारी कॉलेजला जावं लागतं, बस पकडावी लागते, पैसे द्यावे-घ्यावे लागतात. निदान लेखणी तरी बाजूला ठेवते. यात काय मोठं, असं स्वतःलाच वाटतं. तरी ठेवते.

मागवलेले रोल आले. एक घातला आणि आज धरमतरला गेले. उगाच सरावाला. ओहोटी होती. बार्जेस चिखलात तिरक्या बसलेल्या. मिठागराच्या बांधावर एक म्हातारा एकटाच फावडं घेऊन. त्याला विचारून फोटो काढला. तो काहीतरी म्हणाला, मी हसले. ते त्याला बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.

जेट्टीच्या रस्त्यावर डंपर अगदी अंगाला घासून गेला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढून हातवारे केले. माझ्यावरच! हॉर्न वाजवायला काय होतं या लोकांना?

मंगळवार, २९ नोव्हेंबर

मुंबईच्या लॅबने रोल धुऊन फोटो मोबाईलवर पाठवले. सगळे काळे! म्हातारा म्हणजे एक सावली. बार्जेस आहेत असं मला माहीत आहे म्हणून दिसतात.

दोष माझा. १.३५ च्या जागी १.५ दिले तर काटा जास्त चढणारच. कॅमेऱ्याला वाटलं, उजेड भरपूर आहे. त्याने डोळा बारीक केला. मला हे माहीत होतं. गुणाजीला सांगितलंसुद्धा. आणि तरी 'बसला ना' म्हणून निघून आले. लॅबमधल्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला पुन्हा प्रयोग करायला लावला असता.

संध्याकाळी वाचत बसले. ज्या लोकांना असल्या जुन्या कॅमेऱ्यांचं वेड आहे ते काय वापरतात? कानाच्या मशीनचे सेल! हवेवर चालणारे. १.४ व्होल्ट, जवळजवळ पाऱ्याइतकेच, आणि शेवटपर्यंत स्थिर. मापही तेच — ६७५.

६७५. मला तो आकडा पाठ आहे. आईसाठी सात वर्षं तोच आणत होते.

शुक्रवार, २ डिसेंबर

शब्बाथचा दिवा लावायच्या आधी लिहिते.

आईची डबी काढली. स्टीलची, वेलदोड्याची होती. मशीन कापसात ठेवलेलं, त्याच्याखाली सेल. प्रत्येकावर निळी पट्टी. पट्टी काढली की बारक्या भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. मग वापरा, नाहीतर ठेवून द्या, तो संपत जातो.

शुक्रवारी दिव्याआधी आई नवा सेल घालायची. जुना संपलेला असो नसो. शब्बाथला मशीन बंद पडलं तर हात लावता येणार नाही, म्हणून. ती आणि दीनाआत्या, दोघींनी एकाच दिवशी, एकाच डॉक्टरकडून, एकसारखी मशीन घेतली होती. आत्या तिची थट्टा करायची — "देवाला काय कमी ऐकू येतंय? तुझा सेल गेला तर शनवारी तोच ओरडून बोलेल!" आई म्हणायची, "माझं ऐकणं बंद पडलं तर देवाचं बोलणं वाया जाईल."

आईचे सेल कॅमेऱ्याला घालायचे — हे बरं आहे का? बराच वेळ हातात धरून बसले. मग वाटलं, ठेवून तरी कोणासाठी ठेवायचे?

एकाची पट्टी काढली. थोडा वेळ हवा खाऊ दिली. १.४१. कॅमेऱ्यात घातला. मोबाईलवर उजेड मोजायचं अॅप घेतलंय, त्याच्याशी ताडून बघितलं — खिडकी, भिंत, अंगण. जुळतं! काटा असा शांत चढला की पप्पांनी "हां" म्हटल्यासारखं वाटलं.

आई, तुझा सेल बघतोय उजेड.

दिवा लावायची वेळ झाली.

रविवार, ११ डिसेंबर

दुसरा रोल. गिरजाबाईंच्या अंगणात माघी गणपतीच्या मूर्ती वाळत घातल्यात. त्या आणि सून मैना रंगाच्या वाट्या घेऊन बसल्या होत्या. भिंतीवरून विचारलं, "काढू का?" गिरजाबाईंनी मान हलवली. एक काढला. त्या मैनाशी काही बोलल्या, माझ्याकडे बघितलं आणि दोघी गप्प झाल्या. माझ्याबद्दल असेल. मी घरात आले.

स्टाफरूममध्येही हल्ली हेच. हळू बोलतात, हसतात, मी गेले की कोणीतरी माझ्याकडे बघून काही विचारतं, मी 'हो' म्हणते आणि पुन्हा हसू. कशाला हो म्हटलं ते मलाच माहीत नसतं. मुलंसुद्धा पुटपुटतात. सगळ्यांचेच आवाज बारीक झालेत. की मी इतकी परकी झालेय की माझ्याशी मोठ्याने बोलावंसं कोणाला वाटत नाही?

संध्याकाळी टीव्ही लावून बसते. अजून आईच्याच आवाजावर आहे. कमी करवत नाही.

मंगळवार, २० डिसेंबर

दुसऱ्या रोलचे फोटो आले. सुंदर! गिरजाबाईंच्या हातातला कुंचला, मूर्तीचा एक डोळा उघडलेला, एक अजून पांढरा. मैनाच्या कपाळावरची बटसुद्धा दिसते. उजेड अगदी बरोबर.

प्रत काढून त्यांना द्यायला हवी. देईन.

शुक्रवार, ३० डिसेंबर

आज माझ्या हातून मूर्खपणा झाला.

उघडलेला सेल आता उतरायला लागलाय. डबीत बाकीचे आहेत, तरी आत्याच्या फोटोसाठी एक अगदी नवं पाकीट असावं म्हणून कानाच्या मशीनच्या दुकानात गेले. काउंटरवर नवा मुलगा होता. ६७५ मागितले. त्याने काही विचारलं. मी म्हटलं, काय? त्याने पुन्हा विचारलं. मग पुढे वाकून, एकेक शब्द तोडून, लहान मुलाशी बोलावं तसं — "मॅडम, तुमच्यासाठी का? टेस्ट केलीय का कधी? फ्री आहे."

मला इतका राग आला! शेहेचाळीस वय माझं. मी म्हटलं, "कॅमेऱ्यासाठी हवेत." तो हसला. खोटं वाटलं असणार. मी न घेताच बाहेर पडले. त्याने मागून हाक मारली असेल तर मी वळले नाही.

नंतर वाटलं, त्याने वाईट काय विचारलं? मशीनच्या दुकानात मशीनचंच विचारणार. पण परत जायचं धैर्य नाही. डबीतले पुरतील.

बुधवार, ४ जानेवारी

एलियाह आला. मेसेज होता — रविवारी सकाळी अष्टमीला निरोपाचा मलिदा, दुपारी गाडीने मुंबई, रात्रीच विमान. "दारातला फोटो विसरू नकोस, ममी रोज विचारते."

म्हणजे रविवारची सकाळ. दुसरी सकाळ नाही.

रविवार, ८ जानेवारी

आत्ताच रोह्याहून आले. क्रमाने लिहिते, नाहीतर सुटेल.

पहाटे डबीतला नवा सेल काढला. निळी पट्टी होती, काढली, मोजला — १.३२. थोडा कमी वाटला, पण काटा चढला. आणखी दोन सेल पाकिटात टाकले. पहिली गाडी पकडली.

अष्टमीचं घर उघडं-उघडं झालेलं. भांडी गेली, कॉट गेली, भिंतीवरचे सगळे फोटो उतरवून ट्रंकेत बांधलेले. भिंतीवर नुसत्या फिक्या चौकोनांच्या ओळी. आत्या ओरडली, "अगो, कवापासून हाका मारतंय, बाहेरच काय उभी?" तिचा आवाज पार खोल गेलाय. मी जवळ गेले तेव्हा कळलं.

अलिबागहून चार-पाच पुरुष आले होते. मलिद्याचं ताट — पोहे, गूळ, खोबरं, पाच फळं. एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, गाणं म्हटलं. पूर्वी ओटीवर माणसं मावत नसत, अंगणात उभी राहत. आज ओटी अर्धी रिकामी. मी ओठ हलवले. शब्द सगळे आले.

मग फोटो. आत्याने हिरवी नऊवारी नेसली होती, केसांत अबोली. दारात उभी राहिली, हात मेझुझावर. गाडीवाला जनू घाई करत होता — "काकी, वडखलला ट्राफिक लागला तर मला बोलायचं नाय हां! विमान काय एस्टी नाय, हात दाखवला आनि थांबली!" आत्या म्हणाली, "थांब रे! ऐंशी वर्सं ह्या दारात काढली, तुझी पाच मिंटं जातील!"

मी गल्लीच्या पलीकडे गेले. अख्खी चौकट यायला हवी होती. कॅमेरा डोळ्याला लावला.

काटा खाली पडलेला.

हलवला, झाकण उघडून पुन्हा लावलं. काटा थरथरून अर्ध्यावर आला आणि परत निजला. बटण जाईना. दुसरा सेल काढला. त्याची पट्टी काढताना बोटाला काहीतरी लागलं. बघितलं तर पट्टी वाकडी, तिच्या कडेला कापसाचे तंतू चिकटलेले. तिसऱ्याचीही तशीच.

तेव्हा उमगलं. दर शुक्रवारी आई काढलेला अर्धा सेल टाकून देत नव्हती. पट्टी पुन्हा चिकटवून त्याच डबीत ठेवत होती. अजून जीव आहे, झाकून ठेवला तर राहील, असं वाटत असणार तिला. पण एकदा हवा लागली की झाकून थांबत नाही तो. पहिल्या वेळी माझ्या हाताला खरा नवा लागला, एवढंच. आणि १.३२ बघूनही मी फसले — रिकाम्या सेलवरही मीटर आकडा दाखवतो, काम द्यायला लागलं की कळतं. हे मी दरवर्षी मुलांना सांगते!

गल्लीत उभी राहून मला रडू आलं. आत्याचं घर, पप्पांचा कॅमेरा, आईचा सेल. आणि दुकानातून न घेतलेलं ते पाकीट.

आत्याने बोलावलं — हाताने. गेले. सांगितलं. ती म्हणाली, "नवीन पाकीट हाय, पन ते ट्रंकेत खाली दडपलंय. ट्रंक सोडायला लागेल." जनूने कपाळाला हात लावला. मग आत्याने काय केलं — स्वतःच्या कानामागचं मशीन काढलं, नखाने खिट्टी उघडली आणि सेल माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता, कानाचा.

"घे. फोटोपुरतं मला कशाला ऐकायचं हाय?" आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "आता दोघी सारख्याच. जा, काढ."

काटा चढला. थेट जागेवर!

पलीकडे गेले. ती दारात, हात चौकटीवर. एलियाह आत बॅगा ओढत होता. तिचे ओठ हलत होते, दुसऱ्या हाताने काहीतरी खूण करत होती — प्रार्थना म्हणत असावी, घराचा निरोप घेत असावी. मी मध्ये बोलले नाही. तीन काढले.

सेल परत तिच्या मशीनमध्ये घातला. गाडीत बसताना तिने ट्रंक उघडायला लावलीच! सेलचं कोरं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "एलियाह तिकडून घेईल मला. हे तुला लागतील." मी म्हटलं, कॅमेऱ्याला किती लागणार, आत्या? ती माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "कॅमेऱ्याला नाय गो."

गाडी पुलाकडे वळली.

एक गोष्ट लिहावी की नाही? लिहिते. पप्पांच्या फोटोंत घरातली सगळी माणसं असायची. आत्याच्या फोटोत ती एकटी. मला कोणी 'ये' म्हणालं नाही. फोटो काढणारी फोटोत कशी येणार, हे मला कळतं. नथानियलच्या वेळीही मी पप्पांच्या मागेच उभी होते. तरी वाटलं. हे वाटणंही हावरटपणाच असेल.

सोमवार, ९ जानेवारी

दोघी सारख्या म्हणजे? दोघी एकट्या, असं म्हणायचं असेल तिला. पण ती आता एकटी नाही.

बुधवार, ११ जानेवारी

सोमवारीच पोचली. एलियाहचा मेसेज. तिकडे थंडी आहे.

आज संध्याकाळी कोणाशीच बोलले नाही. सकाळीही नाही. कॉलेजात रघू शिपायाला 'चावी' म्हटलं, तेवढंच.

बुधवार, २५ जानेवारी

माघी गणपती. गल्लीत ढोल होता. तो मात्र नीट ऐकला — छातीत.

गिरजाबाईंच्या फोटोची प्रत काढून आणलीय. अजून दिली नाही.

मंगळवार, ३१ जानेवारी

आत्याचे फोटो आले. तिन्ही चांगले. उजेड चौकटीवर बरोबर पडलाय. नऊवारीची हिरवी, अबोली, मेझुझावरची सुरकुतलेली बोटं. पप्पांनी काढला असता तर याहून वेगळा नसता.

पण तिचं तोंड उघडं आहे. तिन्ही फोटोंत. प्रार्थना अशी कोणी म्हणत नाही. गळ्याच्या शिरा ताठ. दुसरा हात — मोठा करून बघितला — बोलावतोय.

एलियाहला पाठवले.

बुधवार, १ फेब्रुवारी

एलियाहचं उत्तर. जसंच्या तसं उतरवते.

"फार छान. ममी रडली. पण ती विचारते, तू आली का नाहीस? तिने किती हाका मारल्या — तामार, ये, कॅमेरा एलियाहला दे, तूपण दारात ये, घरातली तूच आहेस! मशीन नव्हतं म्हणून ती जास्तच मोठ्याने ओरडत होती, मला आत ऐकू येत होतं. मला वाटलं तुला तिच्या जाण्याचा राग आलाय. ममी म्हणते राग नाही, तिला ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, समोरच तर होती. खरं काय?"

खरं काय?

गल्लीची रुंदी किती? चार पावलं असेल.

गुरुवार, २ फेब्रुवारी

दिवसभर मागचं मागचं आठवतंय. डंपर. दुकानातला मुलगा. स्टाफरूम. धरमतरचा म्हातारा काय म्हणाला असेल? टीव्ही आईच्या आवाजावर — आईच्या की माझ्या?

मी इतकी तपासून बघणारी! सेल मोजला, काटा ताडला, पाती उजेडाला धरली. जे ऐकू आलं नाही त्याचा दोष स्प्रिंगला दिला. कॅमेऱ्याला दिला, पेणला दिला, माणसांना दिला. स्वतःलाही दिला — पण भलताच.

नथानियलचे मिस्ड कॉल मोजायला घेतले होते. मोजले नाहीत.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

दिव्याआधी.

आईचं मशीन काढलं. आत्याच्या पाकिटातला सेल, पट्टी सरळ, कडा स्वच्छ. आईसारखा हातावर थोडा वेळ उघडा ठेवला. मग घातला. कानातला साचा आईच्या कानाचा, मला नीट बसत नाही. शिट्टी वाजली. आवाजाचं चाक अगदी कमीवर आणलं, बोटाने दाबून धरलं.

आधी नुसती खरखर. माझाच श्वास. मग पंखा — पंख्याला असा आवाज आहे?

कॅमेरा घेतला. रिकामाच होता. खिडकीकडे धरला. काटा चढला. बटण दाबलं.

ट्चिक.

पुन्हा दाबलं. पुन्हा. आवाज कुठेच गेला नव्हता.

सोमवारी टेस्टला जाईन. त्या मुलाशी नीट बोलेन. मशीन आज काढत नाही. उद्या हात लावायला नको.

शनिवार, ४ फेब्रुवारी

आज लिहू नये. लिहितेय.

सकाळी मोरीत होते. भिंतीपलीकडून आवाज — "तामार गो! पानी आलं! भर लवकर!" जरा थांबून पुन्हा, त्याहून मोठ्याने. मग हळू, मैनाला — "नाय देत ती ओ. वरीस झालं. पन ती हाक मारल्याबिगर माजा हात पान्याला लागत नाय."

मी ओ दिली.